दोन अवतरणचिन्हं

मुलगी: चार दिवस कंप्यूटर बंद, आणि तुम्ही त्याच्यासमोर राखण करत बसलायत. का बाबा?

बाबा: चालू केला की डिस्कवर नवं काहीतरी लिहिलं जातं. आईच्या पुसल्या गेलेल्या आवाजाच्या जागीच लिहिलं गेलं, तर तो कायमचा गेला.

मुलगी: मग दुरुस्तीवाल्याला देऊन टाका ना.

बाबा: तो म्हणतो, खात्री नाही.

मुलगी: आणि इथे बसून काय होणार? अंडी उबवताय?

बाबा: ती असंच बोलायची.

मुलगी: तेच तर मी घालवलं. तिचे फोनवरचे अर्धेमुर्धे निरोप वेगळे काढले, ‘आई अर्धवट’ असा फोल्डर केला, पुसायच्या यादीत त्याचं नाव घातलं. आणि कुठेतरी भलतंच दाबलं.

बाबा: तू काही भलतं दाबलं नाहीस.

मुलगी: समजूत घालू नका.

बाबा: ऐक. यादीतलं पुसायचं काम माझी स्क्रिप्ट करते, मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. यादीतलं नाव ती व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका तात्पुरत्या खणात घेते. पुसायच्या आज्ञेत त्या व्हेरिएबलच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्ह लावायचं असतं. मी लावलं नव्हतं.

मुलगी: मग काय होतं?

बाबा: नावात मोकळी जागा असली की त्याचे तुकडे पडतात. स्क्रिप्टने आधी ‘आई’ पुसला. मग ‘अर्धवट’ शोधला, तो नव्हताच. तुझा फोल्डर अजून तसाच आहे.

मुलगी: ‘आई’ फोल्डरमध्ये चांगले निरोप होते.

बाबा: सगळे.

मुलगी: हे तुम्हाला कधी कळलं?

बाबा: त्याच दुपारी. म्हणून तर लगेच बंद केला.

मुलगी: म्हणजे मी तिकडे स्वयंपाकघरात रडत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

बाबा: हो.

मुलगी: आणि गप्प बसलात.

बाबा: तुझी आई नावात जागा सोडायची, म्हणून बारा वर्षं तिलाच ओरडलो. स्क्रिप्ट सुधारायला एक मिनिट लागलं असतं. त्या दिवशी तू म्हणालीस, माझंच चुकलं. मी ‘नाही’ म्हणालो नाही. मग सांगणं रोज आणखी अवघड होत गेलं. दार उघडलं की समोर तू.

(ती कंप्यूटरची वायर भिंतीतून उपटते.)

मुलगी: डिस्क काढा. दुकान सातला बंद होतं.

बाबा: तूच ने ना. मी इथेच थांबतो.

मुलगी: नाही. काय झालं ते तो विचारेल. तुम्ही सांगायचं.