वर्षभर राहतं, मॅडम

मंडळी, नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे.

मी वृंदा. शैलाताईची धाकटी जाऊ. वसईच्या होळी भागातल्या एकाच घरात आम्ही दोघी सुना म्हणून आलो आणि पुढे एकाच दुकानाच्या गल्ल्यावर बसलो. मला भाषण येत नाही. गिऱ्हाइकाशी बोलता येतं, तेवढंच. तिचा फोटो माझ्या पाठीमागे ठेवलाय ते बरं झालं. समोर असता तर तोंडातून शब्द फुटला नसता.

कारण मला लाज वाटतेय.

माझ्याआधी जे बोलले, त्या सगळ्यांनी सांगितलं की शैलाताई खरं बोलणारी बाई. कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर उभी राहिली, नुकसान सोसलं, पण खोटं बोलली नाही. तुम्ही प्रेमानेच बोललात. पण ती इथे असती ना, तर पदर तोंडाला लावून उठून गेली असती. ही गोष्ट कुणी काढली की ती अशीच उठायची. लग्नात, बारशात, कुठेही. आजारपणात मला म्हणाली, "वृंदा, मी गेल्यावर लोक पुन्हा तेच सांगतील बघ. तू खरं काय झालं ते सांग." म्हणून मी उभी राहिले. मोठे भावजी, तुम्ही समोर बसलाय. चुकलं तर थांबवा.

आमचं घर फुलांचं. वाडीत मोगरा, चाफा, अबोली. आणि त्या घरातल्या थोरल्या सुनेने सजावटीच्या सामानाचं दुकान काढलं. तोरणं, झुंबरं, माळा. प्लास्टिकची फुलं! आमच्या सासूबाई म्हणायच्या, "दारात मोगरा फुललाय नि सून पिलास्टिकची फुलं विकते." ताई हसायची. म्हणायची, "आई, फुलपाड्याला चौथ्या मजल्यावर राहणारी बाई सकाळी कुठली वाडी शोधेल? तिलाही दार आहे की."

दुकान चाललं. मग ताईने परदेशातून माल आणायचा परवाना काढला. गल्लीतल्या इतर दुकानदारांनी म्हटलं, आमचाही माल तुझ्या कंटेनरमध्ये घे. एकट्याने आणणं कुणालाच परवडत नव्हतं. त्यात पास्कलभाऊही होते. ते बघा, खांबाजवळ बसलेत. त्यांचं दुकान नाताळच्या सामानाचं. त्यांची झाडं होती, चांदण्या होत्या, गोठ्यातल्या मूर्ती होत्या. बाळ येशू, मेंढपाळ, गाई. आणि आमची तोरणं होती. झेंडूची, हुबेहूब.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू सरकारच्या कुठल्या तरी खणात बसवावी लागते. खण ठरला की कर ठरतो. सणाच्या शोभेच्या वस्तूंचा एक खण. कृत्रिम फुलांचा दुसरा. नाताळचं झाड खोटं असलं तरी सणाच्या खणात जातं. पण खोट्या झेंडूचं तोरण? ते सणाचं की फुलांचं? बंदरातून माल सोडवून देणाऱ्या आमच्या क्लिअरिंगवाल्याने सणाचं म्हणून लिहिलं. त्याला तसंच वाटत होतं. आम्हालाही वाटत होतं. दिवाळीला तोरण लावतात, मग सणाचंच नाही का?

बंदरात कंटेनर उघडला आणि कस्टमवाल्यांना शंका आली. अख्खा माल अडकला. दसरा तोंडावर. ताईला सुनावणीला बोलावलं. मी सोबत गेले. गाडीत क्लिअरिंगवाला सांगत होता, "वहिनी, विचारलं तेवढंच बोला. तोरण सणापुरतं लावतात, मग काढून ठेवतात. बस." ताई मान डोलवत होती.

अधिकारी मॅडम होत्या. मराठीच होत्या. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. टेबलावर आमचं तोरण होतं. त्यांनी ते उचललं, झेंडूवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "किती छान आहे हो! आईला पाठवावंसं वाटतंय. दिवाळी झाली की काढून ठेवता का हे?"

आणि ताई खुलली. मंडळी, मी तिच्या शेजारी होते, मी बघितलंय. तिच्या डोळ्यांत तेच आलं जे दुकानात गिऱ्हाईक बघून यायचं. म्हणाली, "छे हो मॅडम! काढायचं कशाला? वर्षभर राहतं. साबणाच्या पाण्यात बुचकळायचं, झटकायचं, पुन्हा दाराला. रंग गेला तर मला येऊन सांगा!"

क्लिअरिंगवाल्याने डोळे मिटले.

मॅडमनी तोरण हळूच खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. "मग हा सणाचा माल कसा म्हणायचा?" एवढंच विचारलं. तेव्हा ताईला कळलं आपण काय बोललो. तिचा चेहरा... मला ते सांगता येणार नाही.

येताना घोडबंदरला गाड्या तुंबल्या होत्या. तासन् तास.  वसईची खाडी ओलांडल्यावर ती म्हणाली, "मी माल विकत होते गं. तिथेसुद्धा मी माल विकत होते."

हे खरं बोलणं होतं का? तिला तसं कधीच वाटलं नाही. खरं बोलायचं ठरवून ती गेलीच नव्हती. पढवलेलं बोलायचं ठरवून गेली होती. लोकांनी तिला सत्यवादी केलं आणि ती त्या शब्दाखाली वाकून चालली.

कागद नव्याने झाले, फरकाचा कर भरला, आणि माल सुटायला जानेवारी उजाडला. तोरणं कृत्रिम फुलं ठरली, आणि ते बरोबरच होतं. पण त्यांच्यापायी सगळ्यांचाच सण गेला. पास्कलभाऊंच्या मूर्तींत काही शंका नव्हती. बाळ येशूला कोण दुसऱ्या खणात टाकणार? तरी कंटेनर एकाच परवान्यावरचा, म्हणून तोही अडकून पडला. त्या डिसेंबरला त्यांच्या दुकानाच्या काचेत जुन्या, रंग उडालेल्या चांदण्या होत्या.

घरात आम्ही तिला काही बोललो नाही. सासूबाईसुद्धा नाही. पण ताटावर बसल्यावर सगळे खाली बघून जेवायचे. मीसुद्धा. गल्लीतून जाताना मी तिच्या दोन पावलं पुढे चालायचे. आम्हाला तिची लाज वाटत होती, मंडळी. आणि तिला ते दिसत होतं.

तिने काय केलं? ती एकेका दुकानात गेली. एकटी. कुणाला सोबत घेतलं नाही. आचोळ्यालाही गेली, तिथल्याही एका दुकानदाराचा माल त्या कंटेनरमध्ये होता. क्लिअरिंगवाल्याचं नाव तिने कुठे घेतलं नाही, सरकारलाही बोल लावला नाही. सगळीकडे एकच सांगितलं, "माझ्या तोंडून गेलं. तुमचा सण माझ्यामुळे गेला." कुणी पाणी विचारलं, कुणी नाही विचारलं.

पास्कलभाऊ हसून म्हणाले, "शैला, यंदा आमचा येशू जानेवारीत जन्मला, एवढंच!" तिला हसू आलं नाही. पुढच्या वर्षी डिसेंबर लागला तशी ती आमचं दुकान माझ्यावर टाकून त्यांच्या काउंटरला जाऊन उभी राहिली. पास्कलभाऊ नको नको म्हणाले. ती म्हणाली, "मला विकता येतं. तेवढंच येतं." आणि मग दर डिसेंबरला ती तिथेच. हिंदू घरातली बाई नाताळच्या चांदण्या विकतेय, लोक थांबून बघायचे. मेंढपाळ कुठे ठेवायचा, गाय कुठे ठेवायची, गिऱ्हाइकांना तीच सांगायची.

आमची तोरणं? ती वर्षभर विकली गेली. आजही जातात. योग्य खणात, योग्य कर भरून. पण लोकांनी धंद्याचं कौतुक केलं की ती विषय बदलायची.

शेवटच्या दिवसांत पास्कलभाऊ तिला भेटायला दवाखान्यात आले. ती म्हणाली, "भाऊ, यंदा मला जमणार नाही. दुसरं कुणी बघा." ते म्हणाले, "शैला, किती वर्षं झाली! अगं, त्या साली माझं दुकान काही बुडालं नाही. का एवढं लावून घेतलंस?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. आवाज गेलाच होता, तरी मला नीट ऐकू आलं.

"आणि बुडालं असतं तर?"

  

ताई, तू सांगितलंस तसं सांगितलं. तुझ्या पुढे पुढे चालले, त्याची लाज घेऊन इथे उभी आहे. माझा नमस्कार घे.

मंडळी, आता जरा उभे राहूया. पास्कलभाऊ, तुम्ही तुमच्या पद्धतीने प्रार्थना करा, आम्ही हात जोडतो. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. तिचं कौतुकसुद्धा नको.