दुसऱ्या सहीची चौकट

शिरवळ-औद्योगिक-परिसर-भूषण, त्रिपाळी-चक्र-प्रवर्तक, लक्ष्यपूर्ती-धुरंधर श्रीमन्महाव्यवस्थापक महोदय; उत्पादन विभागाचे समस्त दंडनायक; लेखा विभागाचे शंका-विशारद; ग्राइंडिंग शाखेचे यंत्रघोष-बधिर महारथी; उपाहारगृहाचे अन्नदाते, ज्यांचा चहा आज इतिहासात प्रथमच गरम होता; आणि या सर्वांसमोर उभा असलेला मी, कुलूप-किल्ली-वंशावतंस, प्रधान भांडारपाल, अर्थात तुमचा स्टोअरवाला भाऊसाहेब.

सज्जनहो, ही बिरुदावली वाचून मी वेळ काढतो आहे, हे चाणाक्ष मंडळींच्या ध्यानात आलेच असेल. बिरुदावली संपली की बोलावे लागणार. आणि बोलू लागलो की 'मुलाणी मॅडम होत्या' असे म्हणावे लागणार. गेल्या आठवड्यापर्यंत त्या 'होत्या' नव्हत्या. त्या 'आहेत' होत्या. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या, चष्मा कपाळावर, हातात मायक्रोमीटर. चार दिवसांच्या आजारात हे असे झाले. रफीकभाई, आपण मॅडमचे यजमान, लोणंदहून आलात, पहिल्या रांगेत बसला आहात. आपल्यासमोर बोलणे मला जड जाते आहे. तरी बोलतो. कारण आज मला शोक कमी करायचा आहे आणि कबुली जास्त द्यायची आहे.

मुलाणी मॅडम आपल्या गुणवत्ता प्रयोगशाळेच्या प्रमुख. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमध्ये बसणाऱ्या पिना आपण घडवतो. ती पीन केसभर जरी बारीक झाली, तर उसाने भरलेला ट्रॅक्टर शिराळ्याच्या उतारावर कोणाचे ऐकेल? कोणाचेच नाही. म्हणून प्रत्येक पीन मॅडमच्या हाताखालून जाई. एवढा अधिकार. एवढे दायित्व. आणि बाहेरून आलेला प्रत्येक पाहुणा त्यांच्या दारात येऊन काय विचारी?

"साहेब कुठं आहेत?"

मॅडम म्हणत, "बसा. येतील एवढ्यात." मग एका दाराने बाहेर जात, व्हरांड्यातून वळसा घालून दुसऱ्या दाराने आत येत, खुर्चीवर बसत आणि म्हणत, "हं, बोला." हा प्रयोग मी स्वतः अनेकदा पाहिला आहे. तिकीट न काढता.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. रांगोळी कोणी काढायची? संपूर्ण कारखान्यात अभियंते बत्तीस, परंतु रांगोळीस पात्र एकच. मुलाणी मॅडम. एका वर्षी त्यांनी कंपास घेऊन अशी रांगोळी काढली की त्या वर्तुळावरून लेथची चाके जुळवता आली असती. शेजारी चिठ्ठी होती : "पुढच्या वर्षी उत्पादन विभागाने काढावी. तपासून देईन." बैठकीत टिपणे कोणी घ्यायची? मॅडमनी. पाहुण्यांना पुष्पगुच्छ कोणी द्यायचा? मॅडमनी. महिला दिनी त्यांचा सन्मान कशाने? लिंबू-चमचा स्पर्धेने. आणि हे सगळे आपण अतिशय आदराने करत होतो, सज्जनहो. हेच तर त्यातले भयंकर होते.

आता माझी कबुली.

सदोष माल परत पाठवायचा, तर लाल चिठ्ठी लागते. मॅडम प्रमुख झाल्या, त्या सप्ताहात तत्कालीन व्यवस्थापकांनी एक परिपत्रक काढले. बाईमाणसाने माल बाद केला तर कामगार ऐकणार नाहीत; सबब लाल चिठ्ठीवर खाली एका पुरुष अधिकाऱ्याची दुसरी सही असावी. कोणत्या पुरुषाची? जो जवळ असेल त्याची. जवळ कोण? भांडार. भांडारात कोण? हा अधम.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मायक्रोमीटर आणि अडकित्ता यांतला भेद मला सुपारी जवळ असली तरच कळतो. परंतु अकरा वर्षे, सज्जनहो, अकरा वर्षे, या राज्यातील ट्रॅक्टरांची सुरक्षितता माझ्या सहीवर अवलंबून होती. कारण मी पुरुष होतो. अन्य कोणतीही पात्रता मला विचारण्यात आली नाही आणि मीही ती आपणहून सांगितली नाही.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला विचारले होते, "सर, तुम्ही काय बघून सही करता?"

मी म्हणालो, "तुमची सही बघून."

त्या म्हणाल्या, "मग ती पुरेशी आहे की."

मी हसलो. अकरा वर्षे हसत सही करत राहिलो.

मग तो मे महिना आला. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होते, हे तुम्हांस सांगणे म्हणजे भाजलेल्याला विस्तव दाखवणे. ग्राइंडिंगचे फोरमन आनंदराव, जे आज इथे बसले आहेत आणि ज्यांची अनुज्ञा घेऊनच मी हे सांगतो आहे, त्यांनी पिनांचा मोठा लॉट पूर्ण केला. गिऱ्हाईक कंपनीचे अभियंता पुण्याहून आलेले. फाटकात ट्रक उभा. आणि मॅडम म्हणाल्या, "तासभर थांबा. पिना गार होऊ द्या. मग मोजते."

आनंदराव उसळले. "आवं मॅडम, मशीनवरनं काढताक्षणी मोजलंय मी. बराबर हाय!"

"आनंदराव, तव्यावरची भाकरी फुगलेली असते. गार झाली की बसते."

"भाकरीचं तुमास्नी म्हाईत, मॅडम. लोखंडाचं आमास्नी!"

शेडभर हशा. मीही हसलो. माझी तर ती सवयच होती.

मॅडमनी तासाभराने मोजमाप केले आणि लाल चिठ्ठी लिहिली. संपूर्ण लॉट बाद. खाली स्वतःची सही. त्याखाली रिकामी चौकट. माझी.

व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतले. "भाऊसाहेब, सही करू नका. तुमची सही नाही, तर चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही, तर माल बाद नाही." किती निर्दोष तर्क! एका बाईचे ज्ञान रद्द करण्यासाठी एका पुरुषाचे अज्ञान पुरेसे होते. शिवाय त्यास काही करायचेही नव्हते. केवळ स्वस्थ बसायचे होते. हे कार्य मला येत होते.

तेवढ्यात मॅडम आल्या. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात ट्रे. ट्रेमध्ये एक पीन आणि एक मायक्रोमीटर. मागोमाग पुण्याचे अभियंता, आनंदराव आणि ज्यांना काम नव्हते असे सर्वजण, म्हणजे जवळजवळ सगळा कारखाना.

"सर," मॅडम म्हणाल्या, "सही करू नका. चालेल. पण या चौकटीखाली बारीक अक्षरांत छापलंय, 'प्रत्यक्ष मोजून'. तर मोजा. आणि मग नाही म्हणा."

अकरा वर्षांत ती बारीक अक्षरे मी वाचली नव्हती. छपाईची मागणी मात्र दरवर्षी माझ्याच खात्यातून जात असे.

मी मायक्रोमीटर उचलला. पीन आत घातली. अत्यंत गंभीर मुद्रेने एक डोळा मिटला. मी पीन मोजत होतो की पीन मला मोजत होती, हे सांगणे कठीण. तेवढ्यात आनंदराव हळूच म्हणाले,

"साहेब, उलटं धरलंय."

कोणी हसले नाही. मॅडमसुद्धा नाही. वास्तविक तो त्यांचा हक्क होता.

अभियंत्यांनी विचारले, "किती वर्षं सही करताय?"

"अकरा."

"आणि मोजलंत किती वेळा?"

व्यवस्थापक माझ्या कानाशी कुजबुजले, "सांगा, दर वेळी." मी मॅडमकडे पाहिले. त्यांनी ना खूण केली, ना विनवणी. त्या नुसत्या उभ्या होत्या. अकरा वर्षे सही कोरडी होण्याची वाट पाहत माझ्या टेबलापुढे ज्या उभ्या राहत, तशाच. आणि मला एकदम दिसले की मी रोज कोणाला ताटकळत ठेवत होतो.

मी म्हणालो, "आज पहिल्यांदाच. तेही उलटे."

माझ्या आयुष्यात मी केलेले हे एकमेव सत्य आणि संक्षिप्त भाषण. आजचे दुसरे, पण ते संक्षिप्त नाही, हे तुम्ही जाणताच.

मग मॅडमनी सर्वांसमक्ष मोजले. दुसरी पीन. तिसरी. दहावी. प्रत्येक पीन बारीक. शेवटी आनंदरावांनी त्यांच्या हातातून मायक्रोमीटर घेतला, पिना स्वतः निवडल्या, दोनदोनदा मोजल्या. आणि तो रांगडा गडी, लोखंडाचे ज्याला सगळे 'म्हाईत', त्याने मान खाली घातली आणि म्हणाला,

"बसली, मॅडम. भाकरी बसली."

ट्रक रिकामा परत गेला. जाताना अभियंता म्हणाले, "यापुढे माल पास असो वा बाद, कागदावर या एकट्या मॅडमची सही हवी. दोन सह्या दिसल्या तर परत पाठवू."

टाळ्या झाल्या. मॅडम टाळ्यांना भुलल्या नाहीत. "तोंडी नको," त्या म्हणाल्या. "फॉर्म बदला." आणि महिन्याच्या आत नवा फॉर्म छापून आला. एकच चौकट. एकच सही. त्या चौकटीतून मी अकरा वर्षांनी पदच्युत झालो आणि सांगतो, इतक्या आनंदाने पदच्युत झालेला अधिकारी या तालुक्यात दुसरा नसेल.

आणि आनंदराव? पुढच्या वर्षी ते आपल्या लेकीला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे. "आवं मॅडम, आमच्या अश्विनीनं डिप्लोमा केलाय. तुमच्या हाताखाली घ्या की. गरम लोखंड मोजत न्हाई ती." अश्विनी आज प्रयोगशाळेची उपप्रमुख आहे. तिच्या हाताखाली चार मुली आहेत. पाहुणे आजही विचारतात, "साहेब कुठं आहेत?" तेव्हा पाचही जणी एका सुरात म्हणतात, "बोला."

परवा, मॅडमना निरोप देऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी, अश्विनीने एक लॉट बाद केला. रडून डोळे सुजलेले, पण आकडा स्वच्छ. लॉट कोणाच्या पाळीतला? आनंदरावांच्या. उपाहारगृहात आनंदराव टेबलाटेबलावर जाऊन सांगत होते, "पोरीनं बापाचा माल परत पाठवला रं गड्यांनो! एकटीच्या सहीवर! लय कडक हाय!" असा पराभव साजरा करणारा पिता मी तरी पाहिला नाही. सज्जनहो, स्मारक म्हणतात ते हेच. दगड बसवायची आवश्यकता नाही.

रफीकभाई, आपल्या पत्नी जिंकल्या. आवाज न चढवता, ट्रे हातात घेऊन जिंकल्या. आणि हरलेल्यांपैकी प्रत्येक जण आज इथे ताठ मानेने बसला आहे, हे त्यांच्या विजयाचे मोठेपण. मॅडम, आपणांस या भांडारपालाचा साष्टांग नमस्कार. खाली कोणाचीही प्रतिस्वाक्षरी नाही.

आता आपण सर्वजण उभे राहून दोन मिनिटे स्तब्ध राहू.

तत्पूर्वी एक किरकोळ प्रशासकीय निवेदन. प्रयोगशाळेतील मुलींसाठी चार नंबरच्या सुरक्षा-पादत्राणांची मागणी मॅडमनी दिवाळीपूर्वी केली होती. आलेले जोड आठ नंबरचे आहेत. मुली दोन-दोन मोजे घालून चालत आहेत. खरेदी विभाग म्हणतो, भांडाराला विचारा. भांडार, म्हणजे मी, म्हणतो, खरेदी विभागाला विचारा. तर खरेदी विभागाचे साहेब सभागृहात आहेत काय? आत्ता तर तिथे मागे, दाराशी बसले होते.