उसनं आडनाव

रुक्मा : आईनं आडनाव इचारलं त कापगते म्हना. आमच्याकडं कापगते लय हायेत. आई काय शोधत बसनार हाय?

जानराव : अन् रामटेके कोठं जाईल?

रुक्मा : कोठं नाही जात. आई गेली का येईल वापस.

जानराव : तुले सोपं वाटते. मेलं ढोर ओढनार नाही म्हनलं म्हनून गावानं माह्या बापाले मारलं, रुक्मा. अजून डावा हात वर होत नाही त्याचा. अन् मी त्याचं नाव दोन दिवसासाठी खुटीले टांगू?

रुक्मा : मले मालूम नाही का? पन सांगावा धाडताना मी म्हनलं, पोरगा आपल्यातलाच हाय, कुनब्याचा. नाही त ते आलीच नसती.

जानराव : तू म्हनलं. मले इचारलं?

रुक्मा : तुमी हो म्हनले असते?

जानराव : नाही.

रुक्मा : मंग?

जानराव : आपन दुर्गच्या कोर्टात सही करून लगन केलं. चोरी नाही केली कोनाची.

रुक्मा : तुमचं असंच. फोरमनशी भांडन, राशनवाल्याशी भांडन, आता माह्या आईशी. मले नाही होत तसं. मी लहानपनापासून खाल्या मानेनं राहिली.

जानराव : साइटवर घमेलं वाहे तवाबी तशीच होती. मुकादमानं शिवी देली, त चालली मुकाट्यानं. मीच त्याची कॉलर धरली.

रुक्मा : अन् मीच तुमाले ओढत नेलं तेथून. नाही त नौकरी जात होती तुमची.

जानराव : गेली त नाही न.

रुक्मा : मी ओढलं म्हनून. सातवा महिना लागला मले. मागच्या खेपेले मी एकटी होती. तुमी कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्टीवर, सेकंड शिफ्टले. शेजारची कलावती कोहक्याहून दाई घेऊन आली, तवापर्यंत पोर...

जानराव : नको सांगू.

रुक्मा : या खेपेले मले माही आई पायजे. दुसरं काहीच नाही पायजे. ते मले बाळंतपनाले गावी नेतो म्हनते.

जानराव : अन् तिकडं पोर झालं, त मी पाहाले कोनाच्या नावानं येऊ?

रुक्मा : थे मंग पाहू.

जानराव : बाबासाहेबाचा फोटो?

रुक्मा : कलावतीकडं ठेवून येतो मी.

जानराव : आन इकडं. मीच नेतो. तुह्या हातून नको.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. रुक्माची आई गिरजाबाई गावाहून आली आहे, जेवायला बसली आहे.)

गिरजाबाई : पहाटे गाडीतून सारं आभाळ लाल दिसे. मी म्हनलं, गाव पेटलं का काय.

जानराव : भट्टी हाय, मामी. लोखंड वितळते तेथं.

गिरजाबाई : अन् तुमी त्या आगीपाशी? माय वो! रुक्मानं सांगावा धाडला होता, जवाई लय बोलके हायेत म्हनून. तुमी त बोलूनच नाही राहिले.

रुक्मा : रातपाळी करून आले न थे. थकले.

गिरजाबाई : कापगते म्हंजे कोनते, बापू? सानगडीचे का?

जानराव : नाही. बालाघाटकडले.

गिरजाबाई : बालाघाटले आमच्या नंदेची पोरगी देली हाय. ओळखत असान तुमी.

रुक्मा : आई, भात घे.

गिरजाबाई : घेतो वो. बापू, तुमच्याकडं निंगालं का हे नवीन धर्माचं? आमच्या गावात साऱ्या म्हारवाड्यानं देव नदीत टाकले. ढोर मेलं त कोनी ओढाले येत नाही. बैल मेला तवा तुह्या बापानं हाक मारली, रुक्मा, त त्या चिंधूचा पोट्टा त्यायच्या तोंडावर म्हनते, तुमचं ढोर तुमी ओढा.

जानराव : हं.

गिरजाबाई : माजले. एकेकाले धरून ठोकलं का समजते मंग. नाही का हो, बापू?

रुक्मा : आई, वरन देऊ?

गिरजाबाई : मी जवाईले इचारून राहिली. नाही का, बापू?

जानराव : हो, मामी.

गिरजाबाई : पाह्य. मानूस समजदार हाय तुहा.

रुक्मा : आई, हे कापगते नाहीत.

जानराव : रुक्मा. भात वाढ.

रुक्मा : रामटेके हायेत. जानराव बळीराम रामटेके. ढोर ओढत नाही म्हनलं म्हनून गावानं ज्याचा हात मोडला, तो ह्यायचा बाप. खोटं मी सांगितलं तुले. ह्यायनं नाही.

गिरजाबाई : काय बोलून राहिली तू?

रुक्मा : समजलं तुले.

गिरजाबाई : मी जेवली इथं.

जानराव : जेवल्या, मामी. रांधलं रुक्मानं, पानी मी भरलं.

गिरजाबाई : तुमी बोलू नका.

जानराव : आता बोलतो. शिव्या द्या, मारा, मले चालते. पोरीले टाकून जाऊ नका. मागच्या खेपेले पोर गेलं तिचं. तेबी जात होती. तुमी म्हनसान त मी दुसरीकडं झोपतो. तुमी इथं हा तवापर्यंत या घरात पाय नाही ठेवत. पन तुमी राहा.

गिरजाबाई : पोर गेलं? अन् मले नाही कळवलं?

रुक्मा : काय म्हनून कळवू?

गिरजाबाई : या उन्हाळ्यात तुह्या लहान बहिनीचं लगन हाय. गावाले समजलं त कोन करीन तिले? तुहा बाप मले घरात घेईन का?

रुक्मा : मालूम हाय.

गिरजाबाई : मंग इतके दिवस मुकी राहिली, अजून चार दिवस राहाले काय झालं होतं? संगं आली असती माह्या. सारं हातानं केलं असतं मी तुहं. कावून बोलली, वो?

रुक्मा : ह्यायनं हो म्हनलं म्हनून.

गिरजाबाई : त्यात काय?

रुक्मा : तू ओळखत नाही ह्यायले. हे कोनाले हो म्हनत नाहीत, आई. माह्यासाठी आपल्याच बापाले ठोकाले हो म्हनले. मले पाहावलं नाही.

गिरजाबाई : पिशवी दे माही.

रुक्मा : आई...

गिरजाबाई : पिशवी दे. सांजची गाडी हाय.

जानराव : मामी, हात धुवा तरी.

गिरजाबाई : इथल्या दवाखान्यात बाई डाक्टर हाय का?

जानराव : हाय.

गिरजाबाई : पयलेच नेऊन ठेवजा. दुखाची वाट पाहू नका. अन् भरली घागर उचलू देऊ नका तिले. लहानपनापासून तशीच हाय ते, दुखलं तरी सांगत नाही.

जानराव : नाही उचलू देत. चला, टेसनावर सोडून देतो.

गिरजाबाई : नको. गाडीत गावचं कोनी भेटलं त काय सांगू, तुमी कोन म्हनून?

रुक्मा : थांब आई. पाया पडतो.

गिरजाबाई : ओनवू नको. राहू दे. या दिवसात ओनवाचं नसते.

(गिरजाबाई निघून गेल्यावर. रुक्मा दारातून परत आली आहे.)

जानराव : गेली?

रुक्मा : नळापर्यंत दिसली. मंग गर्दी होती.

जानराव : भात वाढ म्हनलं होतं न मी तुले? एकदा हो म्हनलं, आनखी दहा वेळा म्हनलं असतं. माही काय जीभ झडत होती?

रुक्मा : झडत होती. मी पाहून राहिली होती.

जानराव : आता परत एकटीच हायेस न तू.

रुक्मा : तुमी हा न.

जानराव : मले काय समजते त्यातलं? मले भांडता येते. तुले दुखन तवा कोनाशी भांडू? मले भेव लागून राहिलं, रुक्मा.

रुक्मा : तुमाले?

जानराव : मागच्या खेपेपासून. भट्टीपाशी उभा असतो अन् कोनी नाव घेऊन हाक मारली का हातचं काम टाकून गेटाकडं पाहातो. घरून सांगावा आला का काय, म्हनून.

रुक्मा : कधी बोलले नाही.

जानराव : तूच एक भेनारी होती घरात. मी भेलो असतो, त तू कोनाकडं पाहिलं असतं?

रुक्मा : जेवा. रातपाळीपासून उपाशी हा तुमी.

जानराव : अन् तू?

रुक्मा : मलेबी वाढून घेतो. संगंच बसू आज.