पायाकडची बाजू वीतभर उंच

बायको वारल्याचा निरोप आला, त्या दिवशी थोआईने ओसरीतली जाळीची झोळी स्वतःच सोडली. माणसांना बसायला जागा हवी होती. चाळीस वर्षं तो त्या झोळीत झोपला, पण ती बांधायची बायको. आता महिना झाला, त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

एका दुपारी तो मेकाँग नदीच्या धक्क्यावर बसला होता. फेरीबोटीला वेळ होता, म्हणून शेजारी एक जोडपं नवी झोळी दोन माडांना बांधून बघत होतं.

“अहो, होडी बांधताय का? किती ताणाल!”

“सैल सोडली तर बूड जमिनीला टेकेल.”

“नाही टेकत. चांगली लोंबू द्या.”

“पोटाची घडी होतेय गं.”

“सुक्या मासळीसारखे सरळ कशाला पडता? तिरके व्हा.”

“तिरका झालो तर पडेन.”

“पडा एकदा. भीती जाईल.”

तो धपकन पडला.

“गेली भीती?”

“गेली. कंबरही गेली.”

“आता पायाकडची बाजू वीतभर उंच घ्या. थांबा, मीच गाठ मारते.”

“बाई, जरा सावकाश मारा,” थोआईला राहवलं नाही.

“का हो काका? या वयात गाठ येत नाही?”

“बांधणारी गेली.”

“बघा मग. दोन वेढे द्यायचे, मग टोक आतून...”

बोटीचा भोंगा वाजला. बाईने टोक ओढलं, सगळी गाठ एका झटक्यात सुटली आणि दोघं झोळी गुंडाळत पळाली.

किती सैल सोडायची, किती उंच घ्यायची, ते थोआईला आता कळलं आहे. गाठ शिकायची राहिली आहे.