फडक्याचा वळसा

ठसेवाली : ...आणि मग तुम्ही फडकं घेतलंत?

चष्मेवाला : हात आपोआप गेला. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी दाराची काच पुसतो. आज कुलूप तुटलेलं होतं, तरी पुसली.

ठसेवाली : आणि काउंटर?

चष्मेवाला : तोही.

ठसेवाली : धन्य आहात. चोराला असा मदतनीस शोधून सापडला नसता.

चष्मेवाला : चोर कसला? एक फ्रेम गेलेली नाही. माझाच जुना चष्मा काउंटरवर ठेवला आणि दोन्ही काचा ठेचून गेला. त्याचा अर्थ कळायला मला तुमचं खातं लागत नाही.

ठसेवाली : येत्या सोमवारी साक्ष आहे, म्हणून.

चष्मेवाला : समोरच्या सोनाराला भोसकून पळताना मी त्याला पाहिलं. ओळखलं चष्म्यावरून; मीच करून दिलेला. आता जामिनावर बाहेर आहे. ताई म्हणते, कोर्टात सांग, नीट दिसलं नाही. मी म्हटलं, चष्मेवाल्यानं असं सांगितलं तर धंदा बसेल.

ठसेवाली : विनोद पुरे. इथे त्याचा एक ठसा मिळाला तर जामीन रद्द करता येईल. नाही मिळाला तर सोमवारपर्यंत तो मोकळा, आणि तुम्ही इथे एकटे. सरका जरा, बॅटरी तिरकी धरायची आहे.

चष्मेवाला : रविवारी ‘तू’ म्हणत होतीस.

ठसेवाली : रविवारी हातमोजे नव्हते. हातमोज्यांत सगळे ‘तुम्ही’... थांबा. इथे दाराची वीतभर काच पुसलेली नाही.

चष्मेवाला : राहिली असेल.

ठसेवाली : तुमच्याकडून? माझ्या चष्म्यावर धुळीचा कण दिसला तरी बोलता बोलता काढून घेऊन पुसता. ही राहिलेली नाही, सोडलेली आहे. कडा बघा, फडकं वळसा घालून गेलंय. आत डावा हात उमटलाय. तर्जनीवर आडवा व्रण...

चष्मेवाला : ओळखलास?

ठसेवाली : स्वतःचा हात आहे.

चष्मेवाला : नवा चष्मा लावून तू समोरच्या पाट्या वाचत होतीस. बारीक अक्षरांसकट. तेव्हा हात टेकला होतास. तू गेल्यावर सगळी काच पुसली, एवढी राहू दिली.

ठसेवाली : त्याआधी कधी पुसली होती?

चष्मेवाला : तू यायच्या जरा आधी. दोनदा.

ठसेवाली : काल सोमवार, दुकान बंद. मग माझ्या करंगळीशेजारचा हा अंगठा कुणाचा? केवढा आहे बघ. बाहेर पडताना दार ढकललं असणार.

चष्मेवाला : त्याचा?

ठसेवाली : ते तपासल्यावर. पण माझ्या हातानंतरचा आहे, एवढं नक्की.

चष्मेवाला : मग घे ना. ब्रश का खाली ठेवलास?

ठसेवाली : साक्षीदाराच्या दुकानात, माझ्याच हाताशेजारचा ठसा मीच उचलला, तर त्याचा वकील हसत हसत त्याला सोडवून नेईल.

चष्मेवाला : तुझा तेवढा पुसतो. हलक्या हातानं. कुणाला कळणार नाही.

ठसेवाली : मला कळेल. फडकं ठेव. तो अंगठा रविवारनंतरचा, हे माझ्या हातामुळेच तर सिद्ध होतंय.

चष्मेवाला : आणि तुझं काय होईल?

ठसेवाली : केस जाईल. बोलणी बसतील. पुढचं माहीत नाही. तू मात्र सोमवारपर्यंत ताईकडे राहायचंस.

चष्मेवाला : आणि साक्ष?

ठसेवाली : ती द्यायचीच. तुला नीट दिसतं.

(ती हातमोजे काढते आणि फोन लावते.)

ठसेवाली : सर, ठसा मिळालाय, पण उचलायला दुसऱ्या कुणाला पाठवा... नाही, तब्येत बरी आहे. शेजारचा हात माझा आहे. रविवारचा... हो, सुट्टी होती. चष्मा घ्यायला आले होते... दोन तास, सर... हो. तसंच आहे. सगळं लिहून देते... बरं, कुणी येईपर्यंत इथून हलत नाही... विचारते. अरे, सर विचारतायत, तेवढीच काच का पुसली नाही? नोंदीत कारण लागेल.

चष्मेवाला : पुसवली नाही.

ठसेवाली : सर... पुसवली नाही म्हणतो.