उंबरठ्यावर थांबणारा

दिग्रसच्या बसस्टँडवर बेबीताई पुसदच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर दोन पोरी मोबाइलवरच्या कादंबरीवरून भांडत होत्या आणि बेबीताईंचे कान केव्हाच तिकडे गेले होते.

“दिपाली, तुले तो पिशाच काहून आवडते व? सात गावं जाळली त्यानं!”

“आठ. चौथ्या भागात आणखी एक जाळलं.”

“अन् रक्त पेते.”

“पेते ना. पण फरहा, त्या हिरोइनीच्या घरात कधी घुसला का? रोज उंबरठ्यावर उभा राह्यते अन् इचारते, ‘आत येऊ का?’”

“अवं, पिशाचाले बोलावल्याशिवाय आत येताच येत नाई!”

“असू दे. इचारते तर खरं.”

“त्याच्यापेक्षा तुले पाहून गेलेला अमर बरा. नोकरीवाला, सुपारीसुद्धा खात नाई. आज होकार कळवून राह्यले ना तुह्या घरचे?”

“हो. चहा पेता पेता त्यानं माहा मोबाइल उचलला अन् सगळे फोटो पाह्यले... थांब, त्याचाच फोन. हॅलो... हो... बरं.”

“काय म्हणे?”

“संध्याकाळी घरी येतो म्हणे.”

“येऊ का म्हणे, का येतो म्हणे?”

“येतो म्हणे.”

“मंग?”

“मंग काय? मी आईले फोन लावतो. म्हणतो, होकार इतक्यात कळवू नको.”

पुसदची गाडी लागली. बेबीताई पिशवी घेऊन उठल्या, दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या.

“अवं पोरी, मंग तिनं घेतलं का त्याले आत?”