मधल्या सुट्टीची नोंद

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्याध्यापिका आणि संस्थेचे पदाधिकारी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या सगळ्यांच्या बाई, शिक्षकवर्ग, आणि माझ्यासारख्याच पालकांनो,

माझी मुलगी आठवी ते दहावी बाईंच्या वर्गात होती. त्या तीन वर्षांत पालकसभा झाल्या बारा. मी एकही चुकवली नाही. म्हणून मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "बाईंविषयी बोला, आणि पालकसभेचा पुरेपूर उपयोग कसा करावा, तेही नव्या पालकांना जरा सांगा." या विश्वासाबद्दल मी आभारी आहे. तो चुकीच्या माणसावर टाकला गेला आहे, एवढं नम्रपणे सांगतो आणि पुढे जातो.

जुन्या पालकांना आठवत असेल, मला सगळे 'वहीवाले' म्हणायचे. प्रत्येक पालकाला सात मिनिटं मिळत. मी प्रश्न घरून लिहून न्यायचो. गणितातले दोन गुण कुठे गेले, भूगोलाची वही परत कधी मिळणार, शास्त्राचे सर तिला पुढच्या बाकावर का बसवत नाहीत. मुलीची आई म्हणायची, "अहो, बाईंना भेटायला निघालात की त्यांची तोंडी परीक्षा घ्यायला?" बाई मात्र एकेका प्रश्नाला शांतपणे उत्तर द्यायच्या. मी ते उतरवून घ्यायचो आणि पुढचा प्रश्न वाचायचो. दारातले पालक चुळबुळ करू लागले की उठायचो, आपण किती जागरूक, या समाधानात.

गेल्या आठवड्यात या भाषणासाठी ती वही काढली. बाईंचं एखादं छानसं वाक्य सापडेल आणि ते तुम्हाला वाचून दाखवता येईल, एवढाच हेतू. नववीच्या दुसऱ्या सभेच्या पानावर माझ्या अक्षरात नोंद आहे: 'मधल्या सुट्टीतही एकटी वर्गात बसून असते. वेळ वाया घालवत नाही. उत्तम.'

आता यातलं 'उत्तम' बाईंचं नाही. 'वेळ वाया घालवत नाही' हेही माझंच असणार. बाई फक्त म्हणाल्या होत्या, ती मधल्या सुट्टीत एकटी वर्गात बसून असते. त्या पुढे काही बोलणार होत्या का? माझ्याकडे बघत थांबल्या होत्या का? मला आठवत नाही. माझा पुढचा प्रश्न मात्र वहीत आहे. तो निबंधाच्या गुणांबद्दल होता.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगतो. मुलगी आता वीस वर्षांची आहे. कॉलेज सोडून दोन वर्षं झाली. खोलीबाहेर येते ती आम्ही जेवून उठल्यावर. डॉक्टर झाले, समुपदेशक झाल्या, ती कुणाशीच बोलत नाही. समुपदेशक विचारायच्या, हे कधीपासून? आम्ही सांगत आलो, कॉलेजात गेल्यापासून.

परवा वही घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. विचारलं, त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं? बाईंनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? मला नाही हो आठवत. बावन्न मुलं होती वर्गात. सांगायचं असणार नक्की. पण तुम्ही लिहून घेत होतात, मला वाटलं, पोचलं."

बाई, यात तुमचा दोष नाही. हे चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून मी आज आलो.

नव्या पालकांनो, तुम्हाला काय सांगू? आधी गप्प बसा, बाईंना बोलू द्या, असं म्हणता येईल. पण मी गप्प बसलो असतो, तरी घरी येऊन 'उत्तम'च लिहिलं असतं, अशी शंका येते. तेव्हा माझ्याकडून काही घेऊ नका.

आज निघताना मुलीच्या दाराशी थांबून म्हटलं, "बाईंचा निरोप समारंभ आहे, येतेस?" मग म्हटलं, "मी बोलणार आहे तिथे." पंधरा दिवसांत पहिल्यांदा आतून आवाज आला, "तूच बोलणार ना बाबा, मग मी कशाला?"

संस्थेने मला इथे उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बाईंना पुढच्या दिवसांत उत्तम आरोग्य आणि भरपूर विसावा लाभो. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ऐकण्यात जे राहून गेलं, त्याची माफी घरी जाऊन मागायची आहे, बंद दारासमोर उभं राहून. ते उघडेल असं मला वाटत नाही.

नमस्कार.